गुनावाळा साहेब

आमच्या सोसायटीत लिफ्टसाठी थांबलेल्या माणसाला बोरसे सर गाठतात आणि म्हणतात, "डोळे मिटा."

तुमच्या एका हातात दुधाची पिशवी असते, दुसऱ्या हातात कोथिंबीर. तरी तुम्ही डोळे मिटता, कारण नाही मिटले तर ते का मिटायला हवेत याचं व्याख्यान उभ्याने ऐकावं लागतं. मग प्रश्न येतो. "आत्ता गेटातून बाहेर गेला त्या माणसाच्या शर्टाचा रंग सांगा." तुम्ही म्हणता, निळा. "खात्री आहे की अंदाज?" तुम्ही म्हणता, अंदाज. "मग अंदाज आहे असं म्हणा ना, ताई. लोकांच्या अंदाजापायी माणसं आत जातात." तोवर लिफ्ट येऊन, वाट बघून, वर गेलेली असते.

एकदा मी चिडून म्हटलं, "सर, तुम्हीच मिटा आणि सांगा." सरांनी डोळे मिटले, कपाळाला आठ्या घातल्या आणि शांतपणे म्हणाले, "पांढरा. पूर्ण बाह्यांचा." गेटातून गेलेला तो माणूस मुळात माणूस नव्हताच. कुरिअर देणारी मुलगी होती, पिवळ्या पंजाबी ड्रेसमधली.

प्राध्यापक भालचंद्र बोरसे मूळचे पारोळ्याकडचे, पण उभं आयुष्य सुरतेत गेलेलं. भेस्तानला आमच्याच इमारतीत, आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतात. बायको वारल्यापासून एकटेच. एका खासगी कॉलेजात ते गुन्हेगारीशास्त्र शिकवतात. हा शब्द आमच्या गुजराती शेजाऱ्यांच्या तोंडात बसेना, म्हणून त्यांनी सरांचं नाव 'गुनावाळा साहेब' ठेवलं. तळमजल्यावर नवीन आलेल्या भाडेकरूने हे नाव ऐकलं आणि साहेब नुकतेच सुटून आलेत असं समजून बरेच दिवस तो आपल्या पोरांना त्यांच्या वाटेला जाऊ देत नव्हता. सरांना हे कळलं तेव्हा ते खूश झाले. म्हणाले, "बघा, शिक्का कसा बसतो. आमच्या शेवटच्या वर्षाला अभ्यासाला आहे हे."

निरीक्षण हा सरांचा खास विषय, आणि त्यांचं स्वतःचं निरीक्षण असं, की एकदा ते भलत्याचीच ॲक्टिवा घेऊन उधन्यापर्यंत गेले. गाडीवाला रिक्षा करून मागोमाग पोचला. सरांनी गाडी स्टँडला लावली आणि त्यालाच समजावून सांगितलं, "तुम्ही किल्ली गाडीलाच ठेवलीत, राखायला कोणी नव्हतं, आणि एक मनुष्य समोर आला. या तीन गोष्टी एका जागी जुळल्या की गुन्हा घडतो." तो म्हणाला, "पण साहेब, तो मनुष्य तुम्हीच होतात ना?" सर म्हणाले, "तेच तर सांगतोय. गुन्हा करणारा काही वेगळ्या मातीचा नसतो."

आता अशा माणसाच्या हाती मी माझी पोटची पोर दिली, त्याला कारण टीव्ही. ऋतुजा लहानपणापासून गुन्ह्यांच्या मालिका बघत वाढली. बारावीनंतर म्हणाली, मला हेच करायचं. माझे मिस्टर प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, रंगाचे नमुने पास करतात, मी मराठी शाळेत शिकवते. आम्हाला वाटलं, पोरगी भिंग घेऊन हिंडेल, नखातली माती तपासेल, चार बदमाश पकडून देईल. पहिल्या वर्षी तिने पाठांतर केलं. दुसऱ्या वर्षी तिने संख्याशास्त्राचं पुस्तक आणलं आणि आमच्या स्वप्नाला तडा गेला. तिसऱ्या वर्षी मी सरांना जिन्यात अडवून विचारलं, "सर, ही पास झाल्यावर हिला नेमकं येणार काय?"

असा प्रश्न सरांना विचारू नये. पुढचं सगळं मी पोळ्यांची कणीक तशीच टाकून ऐकलं.

"पहिल्या वर्षी पाठ करायचं, ताई. दुसऱ्या वर्षी समजून घ्यायचं. आणि तिसऱ्या वर्षी दाखवायचं." हे त्यांचं आवडतं वाक्य, 'दाखवायचं' म्हणताना ते तर्जनी हवेत अशी रोवतात की समोरचा तिकडे बघतोच. "काय दाखवायचं? तर एका गुन्ह्याला एकच कारण सांगणाऱ्याला थांबवता आलं पाहिजे. गरिबीमुळे म्हणणारा असो की संस्कारामुळे म्हणणारा असो, दोघांना थांबवता आलं पाहिजे. नुकसान कोणाचं झालं आणि त्याला कोणी विचारलंच नाही, हे दिसलं पाहिजे. पोलीस, कोर्ट, जेल ही तीन घरं आतून कशी चालतात आणि कुठे गळतात, ते सांगता आलं पाहिजे. स्वतः लोकांत जाऊन, कोणाला न दुखवता, न फसवता, माहिती काढता आली पाहिजे. आणि सगळ्यात अवघड, परीक्षकासमोर बसून 'मला माहीत नाही' असं व्यवस्थित म्हणता आलं पाहिजे."

"ते तर तिला पहिलीपासून येतं," मी म्हटलं.

"व्यवस्थित, ताई. व्यवस्थित."

शेवटच्या वर्षाला प्रत्येकाने एक संशोधन करायचं असतं. ऋतुजाने विषय घेतला, आपल्या सोसायटीत लोकांना चोरीची भीती किती वाटते. पण भीती विचारायच्या आधी संमती घ्यायची, हा सरांचा कडक नियम. संमतीशिवाय विचारलेला प्रश्न म्हणजे दार न वाजवता घरात शिरणं, असं ते म्हणत. ऋतुजाने सराव म्हणून बापाला समोर बसवलं आणि वाचून दाखवलं, "तुमच्यावर कुठलीही जबरदस्ती नाही. तुम्हाला नको वाटेल तिथे, कारण न सांगता तुम्ही यातून बाहेर पडू शकता." मिस्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "असं कोणी मला आधी कधीच सांगितलं नव्हतं." त्या रात्री त्यांनी भाजी स्वतः गरम करून घेतली.

घरोघरी काय उत्तरं आली ते विचारू नका. समोरच्या कोकिलाबेन म्हणाल्या, चोराची भीती नाही, सुनेची आहे, लिहून घे. एकाने भीती वाटते म्हणून सांगितलं आणि मग आपलं कपाट कसं आहे, कुठे आहे, किल्ली कुठे असते, हेही सगळं सांगितलं. सर म्हणाले, "हे शेवटचं खोडून टाक. अभ्यासकाने एवढं माहीत करून घ्यायचं नसतं."

हे सगळं चाललेलं असताना खरी चोरी झाली. एका रविवारी सकाळी नळाला पाणी नाही. बघतात तर पंपाच्या खोलीचं कुलूप उघडलेलं आणि पाण्याची मोटर गायब. अख्खी सोसायटी तोंडाला फेस घेऊन खाली जमली. सोसायटीचे प्रमुख जयेशभाई, पर्वत पाटिया भागात साड्यांचं दुकान चालवणारे, अर्धी दाढी करून आलेले. त्यांनी पहिलंच नाव घेतलं ते वॉचमनचं. दिगंबरचं. "चावी कोनी पासे? एनी पासे. वात पूरी." किल्ली त्याच्याकडे, विषय संपला.

दिगंबर मराठवाड्यातला, परभणीकडचा. दोन वर्षांपूर्वी बायकोला घेऊन सुरतेला आला होता. बायको शोभा घरी बसून साड्यांचे लोंबते धागे कापायचं काम करायची, हा आमच्या गेटावर. बोलायला फार कमी. त्या दिवशी तर तो खांबाला टेकून नुसता उभा होता.

आणि बोरसे सर पुढे झाले. मला तेव्हाच कळलं की आज आंघोळ नाही.

"जयेशभाई, किल्ली आहे हा पुरावा नाही, ही सोय आहे. पुरावा काय?" सर म्हणाले. मग त्यांनी शिक्क्याचा सिद्धांत सांगितला. बाहेरून आलेल्या गरीब माणसाला आपण आधी चोर ठरवतो, मग त्याला दुसरं काही व्हायला जागाच ठेवत नाही. मराठीत सांगितलं, हिंदीत सांगितलं, गुजरातीत सांगितलं. फार छान सांगितलं, खोटं कशाला बोला. कोणाच्या तरी खांद्यावर टॉवेल होता, कोणाच्या हातात रिकामी बादली होती, आणि सर मात्र शंभर वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा परदेशी शहरातल्या वस्त्या रंगवत होते. शेवटी जयेशभाई दोन्ही हात जोडून म्हणाले, "साहेब, बधुं बराबर. पण पाणी क्यारे आवशे?"

सरांनी ऋतुजाच्या वर्गाला बोलावून घेतलं. शेवटच्या वर्षाच्या पोरांना प्रत्यक्ष जागा बघायला मिळते कधी? पंपाच्या खोलीभोवती खडूने रेघ मारली गेली. आत कोणी जायचं नाही. सर आत गेले. ओल्या जमिनीवर चपलांचे ठसे होते. सरांनी गुडघे टेकून ते बघितले आणि निष्कर्ष सांगितला, "उंच माणूस. डावा पाय किंचित ओढत चालतो. उतावळा आहे." पोरं लिहून घेत होती. ऋतुजा हळूच म्हणाली, "सर, ते तुमचे आहेत." सरांनी आपली चप्पल उलटी करून बघितली. "छान," ते म्हणाले. "हे बाकीच्यांच्या लक्षात का नाही आलं?"

पोलीस आले, त्यांनी रेघ पुसली, भंगारवाल्यांकडे चौकशी केली. दोन दिवसांत मोटर इच्छापोरच्या रस्त्यावरच्या एका भंगाराच्या दुकानात सापडली. दुकानाच्या कॅमेऱ्यात मोटर विकणारा माणूस स्पष्ट दिसत होता. तो दिगंबर होता.

आमच्या सोसायटीत पाणी आल्याचा जेवढा आनंद झाला नाही तेवढा या बातमीचा झाला. जयेशभाईंनी ग्रुपवर फोटो टाकला. लोकांनी हसरी तोंडं टाकली. कोणीतरी लिहिलं, 'साहेब, पुरावो मळी गयो.' बारकी पोरं सरांना लिफ्टपाशी गाठून म्हणू लागली, "अंकल, डोळे मिटा." सर हसल्यासारखं करायचे आणि जिन्याने जायचे. ज्या माणसाला चहाचा कप उचलतानाही तीन सिद्धांत सुचतात, तो माणूस गप्प झाला. मला वाटलं, बरं झालं, आता सकाळी दूध वेळेवर तापेल.

गुन्हा का केला, हे पोलिसांनी दिगंबरला विचारलंच असणार. सरही चौकीत जाऊन आले. त्यांच्या मनात तीन-चार कारणं तयार होती, त्यातलं कुठलंही त्याने घेतलं असतं तरी सरांचं काम झालं असतं. दिगंबर म्हणाला, "मन झालं, सर." एवढंच. दारू नाही, जुगार नाही, आजारपण नाही. मोटर समोर होती, किल्ली हातात होती, मन झालं. सरांना हा फार मोठा अपमान वाटला असावा. एवढी जाड पुस्तकं आणि त्यात कुठेच या माणसाला बसायला जागा नाही.

मधल्या काळात ऋतुजाची तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेले परीक्षक टाय लावलेले, घाईतले. त्यांनी तिचं संशोधन चाळलं. चोरीच्या आधी लोकांना भीती किती वाटत होती आणि नंतर किती, हे तिने दोन्ही वेळा विचारलं होतं, त्याबद्दल बरं म्हणाले. मग विचारलं, "ही चोरी कुठल्या सिद्धांतात बसते?" ऋतुजाने सांगितलं, अमुक सिद्धांत इथपर्यंत जातो, तमुक तिथपर्यंत, आणि त्यापुढे त्या माणसाने स्वतः जे सांगितलं ते कशातच बसत नाही. "मग तुमचं मत काय?" ती म्हणाली, "सर, मला माहीत नाही. पण माहीत नसताना त्याला कशात तरी कोंबणं बरोबर नाही." परीक्षकांनी चष्म्यावरून बघितलं आणि मार्क बरे दिले. कोपऱ्यात बसलेले बोरसे सर तेव्हा खिडकीबाहेर बघत होते, असं ती घरी येऊन सांगत होती. "मम्मी, मला वाटलं खूश होतील. पण त्यांचं लक्षच नव्हतं."

त्याच आठवड्यात सरांनी आमची बेल वाजवली. दारातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी आले नाहीत.

"ताई, उद्या सुट्टी टाकता येईल का? कोर्टात यायचं आहे. दिगंबरचा जामीन आहे. त्याची बायको येईल, तिला गुजराती कळत नाही, ती बावरते. बाई माणूस सोबत असलेलं बरं. ऋतुजालाही आणा, कोर्ट बघणं हे शेवटच्या वर्षाला आहेच."

"परीक्षा झाली ना सर तिची?"

"परीक्षा झाली," सर म्हणाले. "शिकायचं राहिलंय."

"आणि जामीन कोण राहणार? सोसायटीतलं तर कोणी..."

"मी," सर म्हणाले आणि जिना चढून गेले.

घरात यावर बराच वेळ बोलणं झालं. मिस्टर म्हणाले, हा माणूस वेडा आहे, दिगंबर उद्या गावी पळाला तर याने काय करायचं? मी म्हटलं, मास्तर लोकांना सवय असते, नापासाला परत बसवायची. पण बोलले तेवढी मला ती गोष्ट सोपी वाटत नव्हती. सुट्टी टाकली.

कोर्टाच्या व्हरांड्यात आम्ही सकाळपासून बाकावर. शोभा माझ्या शेजारी, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. ती एकदाच बोलली, "ताई, फोटो काढत्यात का हितं?" मी नाही म्हटलं. सर कागदांची पिशवी घेऊन या खिडकीतून त्या खिडकीत. फ्लॅटचे कागद, पगाराचे कागद, ओळखपत्र. प्रत्येक खिडकीत नवीन काही मागत आणि सर निमूटपणे झेरॉक्स काढून आणत. ऋतुजा हळूच म्हणाली, "मम्मी, सरांनी अजून एकालाही काही समजावलं नाही." खरंच, ते फक्त 'हो साहेब' आणि 'आणतो साहेब' म्हणत होते.

दुपारी पुकारा झाला. आत गर्दी, पंख्यांचा आवाज. दिगंबर पोलिसाच्या शेजारी, अंगावर तोच चुरगळलेला शर्ट. जामीनदार कोण, विचारल्यावर सर पुढे झाले. मी मनात म्हटलं, आता संपलं, आता हे कोर्टाला गुन्हेगारीशास्त्र सांगणार आणि आम्ही संध्याकाळपर्यंत इथेच.

"आरोपी तुमचा कोण?" वरून विचारणा झाली.

सरांनी तोंड उघडलं. तर्जनी अर्धी वर आली आणि परत खाली गेली. मग म्हणाले, "ओळखीचा आहे."

"नात्यातला?"

"नाही साहेब."

"मग जामीन का राहता?"

"मला वाटतं तो तारखेला येईल," सर म्हणाले. मग स्वतःच दुरुस्ती केली, "खात्री नाही. वाटतं."

वरच्या साहेबांनी कागद एकदा चाळले. मग त्यांनी सही केली.

बाहेर व्हरांड्यात पोलीस दिगंबरला घेऊन आला. जेलमधून रीतसर सुटायला अजून संध्याकाळ होणार होती, पण पोलीस भला होता, दोन मिनिटं उभा राहतो म्हणाला. शोभा पुढे गेली आणि नवऱ्याच्या दंडाला हात लावून तशीच उभी राहिली. सर त्यांच्यापासून दोन हात लांब, पिशवी छातीशी धरून. या माणसाने त्यांना अख्ख्या सोसायटीसमोर उघडं पाडलं होतं. मला वाटलं, आता तरी विचारतील. निदान एक प्रश्न.

सरांनी विचारलं, "जेवण बरं मिळतं का आत?"

दिगंबरने मान हलवली. तो खाली फरशीकडे बघत होता. तसाच म्हणाला, "सर, सकाळचा चहा कोण देतंय तुम्हाला?"

सर चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायला लागले.

शोभा माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाली, "रोज उजाडायच्या आधी खाली यायचे सर. गेटच्या केबिनीत बसायचे. ह्यो स्टोव्ह पेटवून चहा करायचा, दोघं प्यायचे. ह्यो मला सांगायचा, सर एक शब्द बोलत न्हाईत, नुस्ते बसतेत, आन् कप धुऊन ठेवून वर जातेत."

व्हरांड्यातून वकील, पक्षकार, फायली जात-येत होत्या. पोलिसाने घड्याळ बघितलं.

"मीच करतो आता," सर म्हणाले. "पण दोन कप होतो. एकाचं माप काही जमत नाही."